धूळपाटीपासून आगकाडीपर्यंत

एखाद्या थोर पुरुषाच्या चरित्राचा समारोप करतांना आपल्याकडील लेखक ‘त्यांनीं स्वार्थत्यागाचा वस्तुपाठच घालून दिला’ असें सहज लिहून जातात. ‘वस्तुपाठ’ या शब्दाचा आज बहुधा एवढाच अर्थ उरला आहे. परंतु मूळचा हा शब्द शाळेंतला. वेळापत्रकांतील तो एक तास होता. गुरुजींनीं मुलांपुढें कांचेचा तुकडा, कापूर, मीठ, लोंकर, झाडाचें पान, अशी एखादी वस्तु ठेवावी. मुलांनीं ती पाहावी, हाताळावी, हुंगावी. आणि जें जाणवेल तें आपल्या तोंडानें सांगावें, असा त्याचा क्रम. तास गेला, वस्तु गेली, आणि मागें अलंकार तेवढा राहिला. शब्दांच्या जुलमांतून मुलाला सोडविण्यासाठीं जी युक्ति निघाली ती अखेर स्वतःच एक शब्द होऊन बसली! हा निव्वळ योगायोग नव्हे. लहान मुलांना सृष्टीचें व समाजाचें ज्ञान देण्यासाठीं जीं साधनें निर्माण झालीं, त्यांचा साडेतीनशें वर्षांचा इतिहास चाळला तर हेंच नाटक पुनः पुनः झालेलें दिसतें. तें कां होतें, आणि क्वचित् होत नाहीं तें कशामुळें, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

या कथेचा आरंभ एका निर्वासितापासून होतो. यान आमोस कोमेनियस हा इ. स. १५९२ मध्यें मोराविया प्रांतांत जन्मला. लहानपणींच आईबापांचें छत्र गेलें. पुढें तो आपल्या लहानशा प्रॉटेस्टंट पंथाचा धर्मोपदेशक झाला. पण १६१८ सालीं तीस वर्षांचें युद्ध पेटलें, १६२० मध्यें व्हाइट माउंटनच्या लढाईंत त्याच्या पक्षाचा पराभव झाला, आणि तेथून त्याचें आयुष्य पळापळींत गेलें. १६२२ मध्यें सांथीनें पत्नी व दोन मुलें ओढून नेलीं. १६२८ सालीं स्वदेश कायमचा सोडून त्याला पोलंडांतील लेश्नो या गांवीं आसरा घ्यावा लागला. १६५६ मध्यें तेंहि गांव जळालें, आणि अनेक वर्षांच्या परिश्रमाचीं त्याचीं हस्तलिखितें त्याबरोबर भस्म झालीं. ज्यानें जगाचें एवढें विद्रूप रूप पाहिलें, त्यानें मुलांच्या हातीं ठेवलें काय? तर जगाचें चित्र.

‘ऑर्बिस पिक्टस’, म्हणजे ‘चित्रित विश्व’, हें तें पुस्तक. १६५० पासून १६५४ पर्यंत कोमेनियस हंगेरींतील शारोश्पतक येथील शाळेंत होता. तेथें त्यानें तें रचलें. पण चित्रें कोरणारा चांगला कारागीर तिकडे मिळेना, म्हणून छापून निघण्यास १६५८ साल उजाडलें, तेंहि न्यूरेंबर्ग येथें. एका बाजूस लॅटिन, शेजारीं जर्मन, आणि प्रत्येक पाठाच्या माथ्यावर लांकडी ठशाचें चित्र. चित्रांतील एकेका वस्तूवर आंकडा घातलेला. तोच आंकडा मजकुरांत त्या वस्तूच्या नांवापुढें. मुलानें शब्द वाचावा, आंकडा धरून चित्रांत जावें आणि वस्तु गांठावी, अशी ही योजना. पुस्तकाची सुरुवात अक्षरांनीं होते, पण अक्षरें येतात तीं प्राण्यांच्या आवाजांतून: कावळा ओरडतो, कोंकरूं बें-बें करतें, आणि त्या आवाजाबरोबर अक्षर मुलाच्या तोंडीं येतें. पुढें दीडशें पाठांत विश्वाची प्रदक्षिणा आहे. अग्नि, वायु, जल, मेघ. धातु, वृक्ष, पशुपक्षी. मनुष्याचीं वयें, शरीराचे अवयव. मग भाकरी भाजणारा, कोळी, खाटीक, पुस्तकें बांधणारा. शाळा, न्यायसभा, खेळ, वेढा पडलेलें शहर, निरनिराळे धर्म. आज आपण ज्यांना विज्ञान, इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र म्हणून वेगवेगळ्या तासांत कोंडून ठेवतों, ते सारे विषय येथें एकाच अंगणांत खेळतांना दिसतात. एवढेंच नव्हे, तर आत्म्याचेंहि चित्र आहे! पडद्यावर ठिपक्याठिपक्यांनीं काढलेली मनुष्याची नुसती बाह्याकृति. जें दिसत नाहीं तें दाखविण्याची ही धडपड पाहून हंसूं येतें, आणि लगेच त्या वृद्धाविषयीं आदरहि वाटतो.

प्रस्तावनेंत कोमेनियसानें दोन सूचना केल्या आहेत, त्या पुस्तकापेक्षांहि मोलाच्या आहेत. मुलांना हीं चित्रें पाहून स्वतः काढूं द्यावीं, रंगवूं द्यावीं, ही पहिली. जी वस्तु घरीं सहसा दिसत नाहीं ती मोठ्या शाळांनीं संग्रहीं ठेवावी, म्हणजे त्या शब्दाची वेळ आली कीं ती मुलांपुढें आणतां येईल, ही दुसरी. चित्र हें वस्तूचें मुखत्यार आहे, मालक नव्हे, हें त्यानें पक्कें ओळखलें होतें. पुढल्याच वर्षीं, १६५९ मध्यें, चार्लस हूल यानें त्याचें इंग्रजी भाषांतर काढलें. आणि जवळजवळ शंभर वर्षांनंतर जन्मलेल्या गटेनेंहि आपल्या आत्मचरित्रांत बाळपणींच्या पुस्तकांत त्याचा उल्लेख केला. मात्र ज्या शाळांनीं हें पुस्तक उचललें, त्यांना हवें होतें लॅटिन. चित्रें ही त्या कडू औषधावरची साखर ठरली. वस्तूसाठीं शब्द शिकावयाचा, त्याऐवजीं शब्दासाठीं चित्र पाहावयाचें, असा उलटा ओघ लागला. नाटकाचा पहिला अंक येथें संपला.

युरोपांत हें चाललें असतां आपल्याकडील मुलांच्या हातीं काय होतें? पंतोजीच्या शाळेंत छापील पुस्तक नव्हतें, चित्र नव्हतें. होती ती धूळपाटी. लांकडी फळीवर बारीक धूळ पसरावयाची, तीवर बोटानें किंवा काडीनें अक्षर काढावयाचें, आणि धूळ सारखी करून तें मोडावयाचें. धुळाक्षरें गिरवून बोट वळलें कीं मग बोरू आणि शाई. या साधनाचा एक गुण फारसा कोणी वाखाणीत नाहीं. कागदावरची चूक मुलाच्या कपाळीं चिकटते. धुळींतली चूक धुळीस मिळते. मोजावयास चिंचोके, आणि तोंडीं पाढे. नुसते पूर्णांकांचेच नव्हेत, तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचेहि. तिन्हीसांजेस देवापुढें दिवा लागला कीं घरोघर परवचा सुरू होई. या शिक्षणांत सृष्टिज्ञान नव्हतें, इतिहास-भूगोल नव्हता. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना आणि बहुतेक मुलींना तर त्या ओटीवर स्थानच नव्हतें. त्याचें गुणगान करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु स्वस्त, हाताजवळचें आणि चूक पोटांत घालणारें साधन म्हणून धूळपाटीची बरोबरी पुढल्या कित्येक साधनांना करतां आली नाहीं, हें नमूद केलें पाहिजे.

अशा धुळाक्षरांनीं एकदां समुद्रपर्यटनहि केलें, ही गोष्ट मोठी मौजेची आहे. अँड्र्यू बेल नांवाचा स्कॉटिश धर्मोपदेशक १७८९ मध्यें मद्रासजवळ एग्मोर येथील सैनिकांच्या अनाथ मुलांच्या आश्रमाचा अधीक्षक झाला. एके दिवशीं सकाळीं घोड्यावरून रपेट करीत असतां एका मलबारी शाळेंतलीं मुलें जमिनीवर वाळू पसरून तींत बोटानें अक्षरें काढीत आहेत असें त्यानें पाहिलें. आश्रमांत परततांच त्यानें ही रीति चालू करण्यास सांगितलें. तेथील शिक्षकांनीं नाकें मुरडलीं. तेव्हां बेलनें एका शिपायाच्या आठ वर्षांच्या मुलाकडे, जॉन फ्रिस्केनकडे, तो वर्ग सोंपविला. मोठ्यांना जें अशक्य वाटलें तें त्या पोरानें करून दाखविलें. १७९७ मध्यें बेलचा वृत्तान्त लंडन येथें प्रसिद्ध झाला; जोसेफ लँकेस्टरच्या शाळेंत गरिबांच्या मुलांसाठीं वाळूचीं मेजें आलीं; आणि वाळूनंतर दगडी पाटी आली. पुढें दगडी पाटी व पेन्सिल आपल्याकडे आली तेव्हां पाश्चात्य सुधारणेचें चिन्ह म्हणून आपण तिचें स्वागत केलें! परंतु बेल व लँकेस्टर यांनीं वाळूबरोबर आणखी एक वस्तु उभी केली: एका शिक्षकाच्या हाताखालीं शेंकडों मुलें, आणि मुलांवर देखरेख करणारे मुलांतलेच मॉनिटर. इकडे खूण झाली कीं तिकडे पाट्या वर. साधन साधें राहिलें, पण शाळेचा कारखाना झाला.

१८१६ मध्यें हाच बेल स्वित्झर्लंडमध्यें यव्हर्दों येथें एका सत्तर वर्षांच्या गबाळ्या म्हाताऱ्याला भेटावयास गेला. दोघांचें मुळींच जमलें नाहीं, आणि जमणेंहि शक्य नव्हतें. तो म्हातारा म्हणजे योहान हाइनरिख पेस्तालोत्सी. १७४६ मध्यें झुरिचला जन्मलेल्या या माणसानें जें जें हातीं घेतलें तें तें व्यवहाराच्या दृष्टीनें बुडविलें: शेती बुडाली, गरीब मुलांची शाळा बुडाली. १७९८ च्या सप्टेंबरांत फ्रेंच सैन्यानें निड्वाल्डन प्रांतांत कत्तल केली, आणि स्टान्स येथील एका मठांत तेथील पोरकीं मुलें गोळा करण्यांत आलीं. त्यांना सांभाळण्यास पन्नाशी उलटलेला पेस्तालोत्सी गेला. सुमारें ऐंशी मुलें, मदतीस एक गृहव्यवस्थापिका, आणि शिक्षणाचें साहित्य जवळजवळ शून्य. पुस्तकें नव्हतीं म्हणूनच, जें भोंवतीं आहे त्यावरून शिकवावयाचें, हा विचार त्याच्या मनांत दृढ झाला. जून १७९९ मध्यें फ्रेंचांना रुग्णालयासाठीं ती इमारत हवी झाली व तोहि प्रयोग मोडला. पण विचार मोडला नाहीं. मुलानें प्रथम पाहावें, मग बोलावें, मग नांव घ्यावें; प्रत्यक्षावांचून शब्द नाहीं, हें त्याच्या पद्धतीचें सार होतें.

त्याचा सर्वांत सुंदर उपयोग यव्हर्दोंच्या शाळेंत भूगोलासाठीं झाला. तेथील एका विद्यार्थ्यानें म्हातारपणीं लिहून ठेवलेली हकीकत अशी. मुलांना प्रथम ब्यूरों नांवाच्या ओढ्याच्या अरुंद खोऱ्यांत नेत. वरून खोरें न्याहाळावयाचें, मग खालीं उतरून त्याचे तपशील पाहावयाचे, आणि ओढ्याकांठची चिकणमाती टोपल्यांत भरून आणावयाची. शाळेंत आल्यावर लांब मेजांवर त्या मातीचें तेंच खोरें उठवावयाचें. दुसऱ्या दिवशीं पुनः बाहेर, आणखी उंच टेंकडीवर. कालच्या मातीच्या खोऱ्यास आज आणखी एक डोंगर जोडावयाचा. हें सगळें स्वतःच्या हातांनीं झाल्यानंतरच नकाशा पुढें येई, आणि तेव्हां तो मुलांना वाचतां येई. आधुनिक भूगोलशास्त्राचा एक जनक कार्ल रिटर ही शाळा पाहून गेला व आपण तिचे ऋणी आहों असें त्यानें म्हटलें.

हें वाचतांना महाराष्ट्रीय वाचकाला आपल्या दिवाळीची आठवण झाल्याखेरीज राहाणार नाहीं. दगड रचून, गोणपाट टाकून, चिखल थापून अंगणांत किल्ला उठविणाऱ्या, बुरुजावर मोहरी-अळीव पेरून रान उगवणाऱ्या आपल्या मुलांना यव्हर्दोंचें नांव कोणी सांगितलें होतें? राजगडाची एक माची एका अंगास आणि दुसरी दुसऱ्या अंगास कां, पाणी कोठें सांठत असेल, तोफ कोणत्या तोंडावर ठेवावी, हे प्रश्न त्या चिखलांत हात घातल्यावर आपोआप पडतात; आणि ते एकाच वेळीं भूगोलाचे, इतिहासाचे व यंत्रशास्त्राचे असतात. दिवाळीची सुटी संपते, किल्ला मोडतो, आणि मुलें शाळेंत जाऊन किल्ल्यांचीं नांवें पाठ करूं लागतात.

परंतु पेस्तालोत्सीच्या हातूनहि ही पद्धति निसटली, हें सत्य लपवून भागणार नाहीं. त्याचा शिष्य रामसाउअर यानें सांगितलेली एक आठवण आहे. बुर्गडोर्फच्या शाळेंत भिंतीवरील जुना कागद फाटला होता. गुरुजी त्यापुढें मुलांना तासन् तास उभे करीत. काय दिसतें? भोंक दिसतें. मग सर्वांनीं एका सुरांत म्हणावयाचें कीं आम्हांस भिंतीच्या कागदांत भोंक दिसतें. भोंक लांबट आहे. भोंकाच्या मागें भिंत दिसते. प्रत्यक्षाचा हा पाठ होतां होतां त्याची परवचा झाली! पुढें १८०३ मध्यें मातांसाठीं निघालेल्या त्याच्या पुस्तकांत मुलाच्या स्वतःच्या शरीराचे अवयव एकामागून एक अशा बारकाईनें मोजले आहेत कीं कोणतेंहि निरोगी मूल त्यापुढें पेंगूं लागावें. मोठ्या माणसाच्या अंतःकरणांत जी ज्योत होती ती पद्धतीच्या कंदिलांत उतरतांना अशी काजळली.

इंग्लंडांत ती नेली चार्लस मेयो यानें. १८१९ पासून १८२२ पर्यंत तो यव्हर्दों येथें होता. त्याची बहीण एलिझाबेथ मेयो हिनें १८३० च्या सुमारास वस्तुपाठांचें पुस्तक लिहिलें, आणि हाच आपल्या ‘वस्तुपाठा’चा पूर्वज. पहिली वस्तु कांच. मग रबर, चामडें, साखर. बाईंचा मूळ हेतु उत्तम होता. मुलानें कांच डोळ्यांपुढें धरावी, पलीकडचें दिसतें असें स्वतः सांगावें, आणि सांगावयास शब्द अपुरा पडला म्हणजे मगच गुरुजींनीं ‘पारदर्शक’ हा शब्द द्यावा. तहान लागल्यावर पाणी! पण छापील पुस्तकांत प्रश्नाशेजारीं उत्तरहि छापावें लागतें. आणि उत्तर छापलें कीं तें पाठ करणें हें पाहाण्यापेक्षां फार सोपें. शिक्षक-विद्यालयांतून तयार होणाऱ्या शेंकडों तरुणांच्या हातीं हें पुस्तक पडलें, आणि वर्गावर्गांतून ‘कठीण, ठिसूळ, पारदर्शक’ असा गजर सुरू झाला. १८५४ सालीं डिकन्सनें ‘हार्ड टाइम्स’ कादंबरींत या प्रकाराचें जें चित्र काढलें तें जगप्रसिद्ध आहे: सर्कशींत घोड्यांच्या सहवासांत वाढलेल्या मुलीला घोड्याची व्याख्या येत नाहीं म्हणून ती अडाणी ठरते, आणि दांतांची गणती घडाघड म्हणणारा मुलगा हुशार ठरतो. १८६२ पासून तर इंग्लंडांतील सरकारी मदत मुलांच्या परीक्षेच्या निकालावर अवलंबून ठेवण्यांत आली. तपासनीस वर्षांतून एकदां येणार, आणि शाळेची भाकरी त्याच्या शेऱ्यावर! अशा स्थितींत कांचेचा तुकडा हातांत घेऊन मुलाच्या उत्तराची वाट पाहात बसण्याचें धैर्य कोणत्या शिक्षकानें दाखवावें?

आपल्याकडे हीच परंपरा वळसा घेऊन आली. १८२२ मध्यें मुंबईंत एतद्देशीयांसाठीं शाळा व शालेय पुस्तकें यांची संस्था स्थापन झाली; कॅप्टन जर्व्हिस याच्या पुढाकारानें गणिताचीं पुस्तकें मराठींत उतरलीं; बाळशास्त्री जांभेकरांनीं १८४० मध्यें ‘दिग्दर्शन’ मासिक काढून शास्त्रीय विषयांची गोडी लावली. हें सर्व थोर कार्य होतें. पण शाळेच्या कोनाड्यांतील वस्तु कोणाच्या, हा प्रश्न सर्वांत स्पष्ट विचारला तो महात्मा फुल्यांनीं. १८८२ सालीं हंटर आयोगापुढें दिलेल्या निवेदनांत त्यांनीं मोडी व बालबोध लेखन-वाचन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल यांबरोबरच शेतीचें प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे व नीतीचे साधे पाठ प्राथमिक शाळेंत असावे अशी मागणी केली. कुणब्याच्या मुलाला ज्या वस्तूंत जगावयाचें आहे त्या वस्तूच शाळेच्या उंबऱ्याबाहेर राहातात, हें त्यांचें दुखणें होतें. तें दुखणें अजून बरें झालेलें नाहीं. ‘गाय हा उपयुक्त प्राणी आहे. तिला चार पाय, दोन शिंगें व एक शेपूट असतें’ हा निबंध ज्यानें लिहिला नाहीं असा मराठी मनुष्य विरळा. आणि ज्याच्या दावणीला गाय होती त्यानेंहि तो असाच लिहिला. गाभण गाय कशी ओळखावी, कोणतें गवत ती तोंडांत धरीत नाहीं, हें त्याला ठाऊक होतें. पण तें निबंधांत लिहावयाचें नसतें, हेंहि त्याला शाळेनें शिकविलें होतें. डिकन्सचा घोडा आमच्याकडे गाय होऊन आला!

पेस्तालोत्सीची दुसरी शाखा अधिक नशीबवान निघाली. १८०८ पासून दोन वर्षें यव्हर्दोंस राहिलेल्या फ्रेबेलनें १८३७ मध्यें बालशाळा काढली, १८४० मध्यें तिला किंडरगार्टन, म्हणजे बालोद्यान, हें नांव दिलें, आणि लोंकरीचे रंगीत चेंडू, गोल, घन, दंडगोल अशीं खेळण्यांचीं साधनें मुलांच्या हातीं दिलीं. प्रशियन सरकारला त्यांतहि राजद्रोहाचा वास आला व १८५१ मध्यें त्यानें बालोद्यानांवर बंदी घातली. ती उठली १८६० मध्यें, फ्रेबेलच्या मृत्यूनंतर. मग १९०७ सालीं रोमच्या एका गरीब वस्तींत मारिया माँटेसरीनें बालगृह उघडलें. तिच्या साधनांत खरखरीत कागदाचीं अक्षरें होतीं. मुलानें त्यांवरून बोट फिरवावें. धुळाक्षरें गिरविणाऱ्या देशाला ही युक्ति परकी वाटावयास नको होती. परंतु धूळ फुकट होती, आणि हे मापांत कांतलेले लांकडी ठोकळे महाग होते. जें साधन गरीब वस्तींत जन्मलें तें हां हां म्हणतां श्रीमंतांच्या बालमंदिराचें भूषण झालें.

ही कोंडी फोडली ती एका महाराष्ट्रीय स्त्रीनें. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनीं भावनगर येथें गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ति बालमंदिरांत काम केलें. १९२६ मध्यें नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. शहरांतील सुखवस्तु मुलांसाठीं त्यांनीं बराच काळ वेंचला. पण १९४५ सालीं, वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, त्या बोर्डी या समुद्रकांठच्या गांवीं गेल्या व अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. गांवच्या बालवाडींत दलित व आदिवासी वस्तींतलीं मुलें येईनात. तेव्हां मुलें शाळेंत येत नाहींत तर शाळा मुलांकडे जाईल, असें म्हणून त्यांनीं वस्तीच्या अंगणांतच वर्ग मांडला, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द जन्मास आला. १९५७ मध्यें त्या कोसबाडच्या टेंकडीवर गेल्या. गुरें राखणाऱ्या मुलांना दुपारीं वर्गांत बसतां येत नाहीं म्हणून कुरणांतच शाळा भरूं लागली, तीच कुरणशाळा. विकतच्या ठोकळ्यांची जागा शिंपल्या, खडे, बिया, पानें व माती यांनीं घेतली. लहानमोठें, जडहलकें, खरखरीत-गुळगुळीत, हे भेद शिकावयास शिंपला परदेशी ठोकळ्याहून कशांत उणा आहे? आणि शिंपल्याविषयीं त्या मुलाला बाईंपेक्षां अधिक ठाऊक होतें, ही तर मोठीच मिळकत! फुल्यांनीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर तेथें कुरणांत बसून देण्यांत आलें. १९७५ पासून केंद्र सरकारच्या बालविकास योजनेनें अंगणवाडी हें नांव देशभर नेलें. नांव गेलें तितक्या सहजतेनें तें अंगण गेलें नाहीं, हें ओघानेंच आलें.

जगांत इतरत्रहि गरजेनेंच हा धडा दिला. दुसऱ्या महायुद्धांत असंख्य शाळा बेचिराख झाल्या, तेव्हां युनेस्कोनें १९४८ मध्यें ‘उद्ध्वस्त देशांतील विज्ञानशिक्षकांस सूचना’ अशा आशयाचें एक लहान पुस्तक काढलें: डबे, बाटल्या, तारा यांतून उपकरणें कशीं करावीं याचें. त्याचाच विस्तार होऊन १९५६ मध्यें विज्ञानशिक्षणाचा मोठा आकरग्रंथ झाला. कोमेनियसाप्रमाणें याहि पुस्तकाचा जन्म राखेंतून झाला आहे.

मध्यप्रदेशांतील होशंगाबाद जिल्ह्यांत १९७२ मध्यें सोळा माध्यमिक पूर्व शाळांतून जो विज्ञानशिक्षणाचा प्रयोग सुरू झाला, त्यानें या इतिहासांतील सर्वांत नाजूक गांठ ओळखली. तेथील वर्ग सहावी ते आठवीचे, म्हणजे आमच्या विषयाच्या किंचित् पुढचे. पण धडा तोच. तेथें साधनपेटी होती, ‘बाल वैज्ञानिक’ नांवाचीं पुस्तकें होतीं. परंतु त्या पुस्तकांत प्रयोग व प्रश्न होते, उत्तरें नव्हतीं. तीं मुलांनीं शोधून वहींत लिहावयाचीं. आणि परीक्षेला पुस्तक उघडून बसण्याची मोकळीक होती! साधन बदललें पण परीक्षा तीच राहिली तर साधन मरतें, हें मर्म मेयोबाईंच्या वेळेपासून कोणाच्या ध्यानांत आलें नव्हतें असें नाहीं. पण त्यावर उपाय करण्याचें बळ थोड्यांनींच दाखविलें. १९७८ मध्यें पुण्याच्या मोटारींच्या कारखान्यांतून रजा घेऊन तेथें गेलेले अभियंते अरविंद गुप्ता यांनीं सायकलची व्हॉल्व्ह-ट्यूब व आगकाड्या यांपासून भूमिति उभी केली. रबरी नळीच्या तुकड्यांनीं तीन काड्या जोडा. त्रिकोण हलत नाहीं. चार जोडा; चौकोन लगेच कलंडतो. तो कां कलंडतो, हें विचारणारें मूल पूल आणि छपरें यांच्याकडे पुनः त्याच डोळ्यांनीं पाहात नाहीं. पुढें पुण्यास आयुका संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेंत त्यांनीं हें काम वाढविलें. होशंगाबादचा तो कार्यक्रम मात्र २००२ मध्यें राज्य सरकारनें बंद केला.

प्रस्तुत लेखकाच्या बाळपणींची एक गोष्ट येथें सांगावीशी वाटते. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर ‘खडू-फळा’ योजना आली, आणि आमच्या खेड्यांतील शाळेंत एक पेटी उतरली. पृथ्वीचा गोल, भिंग, लोहचुंबक, तराजू, नकाशे. उघडली त्या दिवशीं ती आम्ही दुरून पाहिली. मग ती कपाटांत गेली व कपाटास कुलूप लागलें. आमचे गुरुजी दुष्ट नव्हते. फार मायाळू होते. पण ती प्रत्येक वस्तु डेडस्टॉक रजिस्टरांत चढली होती, आणि फुटली तर भरून कोणी द्यावयाची? भिंगानें काय दिसतें तें आम्हीं फळ्यावरून उतरून घेतलें. शाळेबाहेर एका मुलाला फुटक्या बाटलीचा बूड सांपडला होता. त्यांत पाणी घालून आम्ही मुंग्या मोठ्या करून पाहात असूं. त्या तुकड्याची नोंद कोठेंच नव्हती, म्हणून तोच खरा आमचा होता.

या सर्व कथेचें तात्पर्य वस्तूच्या बाजूनें व शब्दाच्या विरुद्ध असा निवाडा देण्यांत नाहीं. पाढेहि साधनच आहेत, आणि ज्याच्या जिभेवर पाढा आहे त्याचा हात हिशेबांत मोकळा राहातो. शब्दावांचून वस्तु मुकी आहे. आज चित्रें छापलेल्या पानावरून पडद्यावर गेलीं आहेत. पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड दाखवितांच ज्वालामुखी उसळतांना दिसतो. कोमेनियसाला हें पाहून केवढा आनंद झाला असता! पण त्यानें लगेच विचारलेंहि असतें कीं मुलानें स्वतः काय काढलें, काय रंगविलें, आणि शाळेच्या संग्रहांत खरा दगड आहे कीं नाहीं. साधन कोणतेंहि असो, त्याला मरण येतें तें तीन वाटांनीं: उत्तर आधींच छापलेलें असलें म्हणजे, परीक्षा त्या उत्तराचीच असली म्हणजे, आणि वस्तु मोडण्याची भीति शिक्षकाच्या मनांत मुलाच्या कुतूहलाहून मोठी असली म्हणजे. पहिल्या दोहोंवर शासनानें उपाय करावे. तिसऱ्यावर मात्र आपण आईबापहि करूं शकतों.

पुढल्या दिवाळींत मूल चिखलांत हात घालील तेव्हां त्याचे कपडे मळतील, तटबंदी वांकडी होईल, दरवाजा भलत्याच तोंडास उघडेल. लगेच दुरुस्त करावयास धांवूं नये. धूळपाटीनें शेंकडों वर्षें पोरांच्या चुका मुकाट्यानें पोटांत घातल्या; तेवढी उदारता आपल्या अंगणालाहि असावी.